दोरीने बांधलेल्या होड्या

नकादा गावचा तव्वाब पूर्वी नाईलवर होडी हाकायचा. एका पुरात होडी बांधायची राहिली आणि नदीने ती नेली. कुठे, ते नदीलाच ठाऊक. तेव्हापासून तो मातीच्या घड्यांवर होड्या काढू लागला.

घडे अस्सल, वाळवंटाच्या कडेच्या थडग्यांतून निघालेले, पाच हजार वर्षांचे. फक्त कोरे, आणि कोऱ्या घड्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून तव्वाब गेरूत अंड्याचा पांढरा बलक कालवून त्यांच्यावर जुन्या धाटणीच्या लांबलचक, पुष्कळ वल्ह्यांच्या होड्या काढायचा. बायको नफूसा म्हणायची, "गोम उताणी पडलीय." मग घडा शेणीच्या धुरावर धरला की रंगही म्हातारा दिसे.

खोड एकच. प्रत्येक होडीला तो काठावरच्या खुंटीशी दोरीने बांधायचा. मोकळी होडी काढायला हातच धजेना.

दुकानदार शनूदा वैतागला. "अरे बाबा, खऱ्या जुन्या चित्रांत दोरी कुठे असते? एखाद्या जाणकारानं ओळखलं तर माझं दुकान बुडेल. पुन्हा दोरी दिसली, तर तुझा माल बंद."

"आणि होडी वाहून गेली तर?"

"घड्यावरून?"

तव्वाब घरी परतला. आता दुसरं कामही त्याला येत नव्हतं. त्याने मन घट्ट करून एक मोकळी होडी काढली. नफूसाने घडा फिरवून पाहिला. "जाईल हो ही," एवढंच म्हणाली.

इंग्रज साहेब दुकानात आला तेव्हा तव्वाब दारातच बसला होता. साहेबाने घडा भिंगाखाली फिरवला, नाक मुरडलं. "घडा खरा. चित्र कालचं."

शनूदाने कॉफीचा कप खाली ठेवला. "कशावरून, साहेब?"

"दोरी कुठाय? इथल्या जुन्या कारागिरांची तीच तर खूण! माझ्या घरी तसे तीन घडे आहेत. खुळा समजलास मला?"

तव्वाब छताची कौलं मोजू लागला. छताला कौलं नव्हती.

"दोरीवाला आहे ना, साहेब," शनूदा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात या. धूळ तेवढी झटकतो."

साहेब गेला. शनूदाने तो घडा तव्वाबच्या हातात दिला. जत्रेत हरवलेली पोर सापडावी तसा तो कडेवर घेऊन तव्वाब घरी आला.

"परत आणली?" नफूसाने दारातूनच विचारलं.

"हो. गेरू काढ. बांधायची राहिलीय."