पदराला लागलेला रंग
नसरापूरच्या हार्डवेअरच्या दुकानात काल टर्पेंटाइनचा डबा सांडला आणि त्या वासानं मला थेट पासलीच्या एका पडवीत नेऊन बसवलं. त्या घरातला तरणा मुलगा गेला होता. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा तेवढा, म्हणून वडिलांनी तेराव्यासाठी माझ्याकडून तैलचित्र करून घेतलं. भातलावणीच्या दिवसांतल्या दमट हवेत तैलरंग महिनाभर वाळत नाही हे मला ठाऊक होतं, पण नाही म्हणवलं नाही, आणि हात लावू नका हे सांगायचंही राहून गेलं. भिंतींना ओल आली होती, उदबत्तीचा धूर खालीच घुटमळत होता. त्याची आई पुढं आली, रीतीप्रमाणे तिनं चित्राच्या कपाळाला गंध लावलं, आणि बोट रंगात रुतलं. घाबरून तिनं ते पदरानं पुसलं, तसे कपाळ, भुवया, डोळे सगळे एकमेकांत कालवले गेले. पदराकडं बघत ती एवढंच म्हणाली, "म्याच पुसला की वो त्याला." चूक माझी आहे, एवढं म्हणायलाही माझं तोंड उघडलं नाही. त्यानंतर मी ब्रश धरला नाही, लाकडात चेहरे कोरतो. माध्यम का बदललं, असं लोक विचारतात, तेव्हा सागाचा पोत आवडतो म्हणून सांगतो.