करवतीचा घास

मिस्त्रींनी आयुष्यभर तोंडापेक्षा रंधाच जास्त चालवला. गिऱ्हाइकाने दार डावीकडे उघडायला हवं म्हटलं तरी ‘बरं’, आणि आठ दिवसांनी उजवीकडे म्हटलं तरी ‘बरं’च. बायको म्हणायची, “अहो, तुमच्या वाटचं सगळं बोलणं लेकीनेच पळवलंय.” लेक नऊ वर्षांची. सगळी गल्ली तिला मिरची म्हणायची, आणि नाव ठेवणाऱ्याने काडीचीही चूक केली नव्हती.

तर ही मिरची चार दिवस गप्प! शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि बापाच्या कामाच्या खोलीत भुशाच्या ढिगावर जाऊन बसायची. शेवटी मिस्त्रींनी तिची वही उघडली. गणित होतं: बारा फुटांच्या फळीचे तीन-तीन फुटांचे किती तुकडे होतील? लेकीने लिहिलं होतं, ‘तीन. चौथा आखूड भरेल.’ त्यावर लाल फुली, आणि खाली बाईंचा शेरा: ‘उद्धट आहे. पालकांनी भेटावे.’

आता यात पोरीचं काय चुकलं सांगा! करवत जिथून जाते तिथल्या लाकडाचा भुसा होतो. दर कापाला जवळजवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जातोच. मिस्त्री त्याला करवतीचा घास म्हणत. पोरगी रांगत होती तेव्हापासून हे ऐकत आलेली.

“आता मी वर्गात हातच वर करणार नाही,” मिरची म्हणाली. “येत असलं तरी नाही.”

हे मात्र मिस्त्रींना लागलं. त्यांनाही एका गुरुजींनी एकदा ‘गप्प बस’ म्हटलं होतं. ते बसले, ते चाळीस वर्षं बसलेच. लेकीचंही तसंच व्हायचं? छे, छे!

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते लेकीबरोबर शाळेत गेले. कानावर पेन्सिल तशीच राहिली होती. रस्ताभर मनातल्या मनात त्यांनी बाईंना चांगलं फैलावर घेतलं. पण समोर बाई दिसल्या त्या दमलेल्या, बाहीला खडू लागलेल्या, टेबलावर वह्यांचा डोंगर.

“हुशार आहे हो पोरगी,” बाई म्हणाल्या. “पण भर वर्गात मला म्हणाली, ‘बाई, तुम्हाला कापता येत नाही.’ सगळी मुलं खो-खो हसली.”

मिस्त्री लेकीकडे वळले. “असं म्हणालीस?”

मिरचीने मान डोलावली.

“मग माफी माग. मोठ्या माणसाला चारचौघांत असं बोलत नाहीत.”

तिने माफी मागितली. बाईंनी तिची वही मिटायला घेतली. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “बोलण्याची माफी झाली, बाई. गणिताची ती मागणार नाही.”

स्वतःचा आवाज ऐकून मिस्त्रीच दचकले. पण आता माघार कसली! त्यांनी करवतीचा घास सगळा समजावून सांगितला. “पुस्तकातली फळी चार तुकडे देते. खरी फळी नाही देत. पोरीने खरी फळी पाहिलीय.”

बाईंनी वही उघडून ते गणित पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, “हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग चारही तुकडे पुरे हवे असतील तर फळी केवढी घ्यायची?”

हा तर मिस्त्रींच्या डाव्या हातचा मळ. “बारा फूट चार सूत. तुकड्यामागे एक सूत धरायचं.”

“तीन सूत,” शेजारून आवाज आला.

“काय?”

“तीन सूत, बाबा. चार तुकड्यांना तीनच काप लागतात. शेवटचा आपोआप सुटतो.”

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. अरे देवा! इतकी वर्षं ते फळीमागे एक सूत उगाच जास्त धरत आले होते, आणि हे सांगायला नऊ वर्षांचं पोर जन्माला यावं लागलं.

बाईंना हसू आवरेना. “घरीही अशीच उलट बोलते का हो?”

“बोलते की!” मिस्त्रींची छाती फुगली. “बोलू दे. बरोबर असतं ना!”

घंटा झाली, मुलं आत आली. बाईंनी फळ्यावर तेच गणित लिहिलं आणि विचारलं, “यात पुस्तक काय विसरलंय, कोण सांगेल?” मिरचीने एकदा दाराशी उभ्या बापाकडे पाहिलं आणि हात वर केला, अगदी टाचा उंचावून.

मिस्त्रींचा पाय काही दारातून निघेना. शाळेच्या शिपायाने जवळ येऊन विचारलं, “कोण हवंय काका?”

“कोणी नकोय,” मिस्त्री म्हणाले. “ती फळ्यापाशी बोलतेय ना, ती माझी लेक. आत्ताच माझी चूक काढली तिने. बाईंच्या देखत!”