अर्धी ओवी

आमच्या आत्याला भांडता येत नसे. समोरासमोर कुणी लागट बोललं तर ती ओठ मिटून बसायची. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसली की सगळं भांडण ओवीतून बाहेर यायचं, नावागावासकट. लवकर विधवा झाल्यामुळे ती लेकीला घेऊन आमच्याच घरी राहायची. एका दिवाळीत वडिलांनी तिला साडी घेतली नाही, तर भाऊबीजेच्या सकाळी ते सगळ्या गल्लीने ऐकलं. वडील चहा न घेताच एसटीने जाफराबादला गेले आणि साडी घेऊन आले. ‘‘तोंडावर बोलले तर लोक उलटून बोलत्यात,’’ ती म्हणायची, ‘‘गाण्याला काय बोलतेत? निमूट ऐकून घेतेत.’’

तिची एकुलती एक लेक सुमन शेजारच्या गावात दिली होती. सुमनचा नवरा भागवत बाजाराच्या दिवशी स्वतःच्या जीपमध्ये माणसं भरून तालुक्याला न्यायचा. सातव्याच महिन्यात सुमनला कळा सुरू झाल्या, तो नेमका बाजाराचा दिवस निघाला. ‘‘एवढी खेप टाकून येतो, मंग नेतो,’’ असं म्हणून तो गेला. परत आला तेव्हा सुमन संपली होती. सोयरे, भावकी, सगळे म्हणाले, नशीब. आत्या तेव्हाही बोलली नाही. दिवसकार्य झाल्यावर ती जात्यावर बसली आणि गायली:

भागवताच्या गं दारी, जीप भरली बाजाराची
माझ्या सुमनबाईनं, वाट पाहिली दवाखान्याची

वर्षभर ती हीच ओवी गात होती. भागवताने आमच्या गावातून जाणंच बंद केलं.

पुढे शहरातून एक गृहस्थ जुनी गाणी गोळा करत, टेपरेकॉर्डर घेऊन आले. आत्याने आधी हीच ओवी सांगितली. वर त्यांना बजावलं, ‘‘जिल्ह्याच्या गावी वाजवा. बराबर कळलं पाह्यजे समद्यांना.’’ त्यांनी मान डोलावली.

बऱ्याच वर्षांनी मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी करत असताना आत्या डोळे दाखवायला माझ्याकडे आली. शहरात एका संस्थेने लोकजीवनाचं संग्रहालय काढलं होतं. करमणूक होईल म्हणून मी तिला तिथे घेऊन गेले. कणगी पाहून ती म्हणाली, ‘‘हिच्यात दाणा न्हाई, म्हणून इतकी नीट राह्यली.’’ मी हसले. पुढच्या दालनात काचेमागे जातं होतं आणि शेजारी एक बटण. सहलीला आलेल्या शाळकरी मुलींनी ते दाबलं, आणि आत्याचा आवाज सुरू झाला.

‘माझ्या सुमनबाईनं, वाट पाहिली दवाखान्याची.’ एवढंच. पुन्हा तेच. आत्याला वाचता येत नव्हतं. मी पाटी वाचून दाखवली: ‘सासुरवाशिणीचे दुःख. पारंपरिक ओवी. कर्ती अज्ञात.’

मी बोलावल्यावर संग्रहालयाचे व्यवस्थापक खुर्चीतून उठून आले. ‘‘पहिली ओळ कुठंय?’’ आत्याने विचारलं. माझ्या आठवणीत ती पहिल्यांदाच कुणाशी समोरासमोर भांडत होती.

‘‘मावशी, त्यात एका माणसाचं नाव होतं. उगाच बदनामी नको, म्हणून कापली. आणि हे लोकगीत आहे, ते सगळ्यांचंच असतं.’’

‘‘सगळ्यांची लेक मेल्ती का?’’

ते म्हणाले, ‘‘हवं तर पाटीवर तुमचं नाव घालू.’’

‘‘माझं नाव कशाला? त्याचं घाल. पुरी लाव, न्हाईतर बंद कर.’’

‘‘समितीला विचारावं लागेल.’’

आत्याने वाकून भिंतीतली वायर उपटली. मुली किंचाळल्या, पहारेकरी धावत आला. त्याने तिच्या दंडाला हात घातल्यावर माझाही तोल सुटला. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण त्यातला एक शब्दही मागे घ्यावासा वाटत नाही. आम्ही फाटकापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून खिडकीतून पुन्हा तिचाच आवाज आला. त्यांनी वायर जोडली होती. आत्या वळली नाही. ‘‘चल जल्दी,’’ एवढंच म्हणाली.

त्या दिवसानंतर ती गायली नाही. शेवटच्या आजारात मी एकदा आग्रह केला, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे चार महिन्यांत ती गेली.

नंतर कॉलेजातला एक मुलगा माझ्या घरी आला. ओव्यांवर प्रबंध लिहीत होता, कुणीतरी आत्याचं नाव सांगितलं होतं. मी त्याला दोन्ही ओळी सांगितल्या आणि ती जीप कुणाची होती तेही सांगितलं. त्याचं पेन थांबलं.

‘‘मॅडम, या भागवतांचं नाव बदललं तर चालेल का? ते अजून हयात असतील.’’

‘‘आणि सुमनचं?’’ मी विचारलं.

‘‘ते राहू द्या. त्याला कोण हरकत घेणार?’’

मी उठून दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत तसंच धरून उभी राहिले.