अप्पांनी जमवलेलं नेट

आमचे शेजारी गुरलिंगअप्पा समोर येईल त्या वस्तूला टिचकी मारून पाहायचे. धाराशिवात त्यांचं भांड्यांचं दुकान. तांब्या-पातेल्यांना टिचक्या मारून मारून त्यांचं बोट असं तयार झालं होतं की नुसत्या आवाजावरून ते कारखाना, कारागीर आणि त्या कारागिराची त्या दिवशीची तब्येतही सांगायचे. कलिंगडाला टिचकी, नव्या दाराला टिचकी. एकुलत्या एक लेकीला, रूपाला, पाहायला मुलगा आला, तेव्हा ‘बघू हो जरा’ म्हणून त्याच्या बरगडीलाही टिचकी. “भरीव हाय,” म्हणाले आणि सुपारी फुटली. मी तिथं होतो. खोटं वाटेल त्यानं जावयाला विचारावं.

अशा माणसावर घरी इंटरनेट घ्यायची वेळ आली. आता त्याला टिचकी मारायची कुठं?

वेळ आणली रूपानं. ती पुण्याच्या कंपनीत नोकरीला. बाळंतपणाला माहेरी आली, चिमी झाली, रजा संपली. नवरा सदा फिरतीवर. साहेब म्हणाला, घरून काम करा, पण रोज संध्याकाळी सातला परदेशातल्या गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलावं लागेल. पहिल्याच दिवशी ते तुटलं, तर सरळ पुण्याला या. पुण्याला म्हणजे चिमी पाळणाघरात. हे ऐकून अप्पांनी अन्न सोडलं, असं त्यांची बायको, आमच्या काकू, सांगतात. मी मात्र त्यांना त्याच दिवशी दह्याशी धपाटे खाताना पाहिलं. दुःखानं खात होते, एवढं खरं. चिमी तेव्हा नुकती कुठं त्यांच्या मिशा ओढायला शिकली होती.

पहिल्यांदा आला तो मोठ्या कंपनीचा टायवाला. “अप्पा, शंभरपर्यंत स्पीड!”

“पर्यंत म्हंजे?”

“म्हणजे जास्तीत जास्त शंभर.”

“तसा आमचा जावईबी मंत्री व्हण्यापर्यंत जाईल. कमीत कमी किती ते सांगा की.”

टायवाल्यानं पाणी मागितलं. मग आला आमच्या गल्लीतला केबलवाला बापू. तो म्हणाला, “अप्पा, चाळीसचं घ्या. दोन-चार कमीच मिळतील.”

अप्पांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं आणि मला म्हणाले, “तोंडावर कुणी वाईट असतंय का? स्थळ हाय हे. चार घरी चौकशी करावी लागती.”

माझ्या फोनवर स्पीड मोजायची सोय होती, ही माझी चूक. अप्पा रोज मला सातच्या सुमाराला ओढून न्यायचे. मी म्हणालो, “अप्पा, सकाळी निवांत जाऊ.” तर म्हणाले, “सकाळी समदेच गुणाचे. मालिका, क्रिकेट, पोरांचे गेम समदं चालू असताना कोण पळतंय ते बघायचं.” ज्यांच्याकडं नेट आहे त्या प्रत्येक घरात चहा. आमच्या गल्लीला दूध घालणारी म्हैस त्या आठवड्यात रडायची, हे मी स्वतः पाहिलंय.

“ताई, नेट वागायला कसं हाय तुमचं? संध्याकाळी घरी असतंय का? आजारी पडलं तर कोण येतंय बघायला?” अप्पांचे प्रश्न ठरलेले. आणि खरोखर, मोठ्या कंपनीचं ते शंभरवालं दुपारी नव्वदनं पळायचं, आणि सातला अख्खी गल्ली त्याच तारेवर लटकली की नवावर यायचं. बिघडलं तर फोन लावायचा, तो कुठल्या राज्यात वाजायचा देव जाणे.

एका घरात अप्पांनी माझा फोन हातात घेतला. “हे दोन आकडे कशाचे?”

“एक येण्याचा, दुसरा जाण्याचा.”

“जाण्याचा एवढा बारका?” अप्पांनी भुवया चढवल्या. “घेताना दोन हातांनी आन् देताना चिमटीनं! असल्या घरी लेक दिली असती का म्या? रूपाचं बोलणं तिकडं जायला नको व्हय?”

बापूचं नेट सातलाही छत्तीसनं येत होतं आणि तितक्याच वेगानं जात होतं. शिवाय बापू दोन घरं सोडून राहायचा. स्थळ पक्कं झालं. बापू दुपारी नेटचा डबा बसवून गेला. अप्पांनी डब्याला टिचकी मारली, “पोकळ हाय, पर चालंल,” म्हणाले.

सात वाजले. मधल्या खोलीत रूपा कानाला यंत्र लावून बसली. काकूंच्या कडेवर चिमी. पडद्यावर साहेब आले, गोरं गिऱ्हाईक आलं आणि दोघेही तोंड उघडं ठेवून थिजले. “हॅलो? हॅलो?” रूपाचा चेहरा उतरला. अप्पा बाहेर ओट्यावर फोनवर ओरडत होते, “बाप्या, माझी नात चालली की रं पुण्याला!”

चिमीला गारठा लागेल म्हणून काकूंनी शाल काढायला रूपाच्या मागचं लोखंडी कपाट उघडलं, आणि साहेब एकदम बोलायला लागले. काकूंनी कपाट लावलं. साहेब गप्प. उघडलं. साहेब सुरू.

मी आत डोकावलो. कपाटात, काकूंच्या पैठणीवर, डब्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते.

“किमती वस्तू हाय,” ओट्यावरून आत येत अप्पा पुटपुटले. “दुपारी रूपा पोरीला निजवत होती, तवा मागच्या भोकातनं तारा घालून ठिवला. कुलूपबी लावणार होतो.”

“अहो, श्वास तरी घेऊ द्या की त्याला!” काकू दबक्या आवाजात कडाडल्या आणि बोलणं संपेपर्यंत एका हातात नात, दुसऱ्या हातात कपाटाचं दार धरून उभ्या राहिल्या. गोऱ्यानं शेवटी हसून विचारलं, मागच्या बाई कोण? रूपा म्हणाली, माझ्या ऑफिसच्या व्यवस्थापक.

चिमी राहिली. बापू म्हणाला, डबा घराच्या मधोमध, उंचावर, उघडा पाहिजे. मधोमध म्हणजे मधल्या खोलीची मोठी भिंत. तिथं एक खिळा होता. तो अप्पांनी हयातीतच स्वतःच्या फोटोसाठी ठोकून ठेवला होता. पाहुण्यांना दाखवायचेही, “मी गेल्यावर हितं.” अप्पांनी खिळ्याला एक टिचकी मारली. मग म्हणाले, “लाव रं बापू. मला काय, कुठनंबी दिसतंय.”

गेल्या वर्षी अप्पा गेले. तेराव्याला जावई फोटो घेऊन त्याच भिंतीपाशी स्टुलावर चढला. काकूंनी त्याला खाली उतरवलं. फोटो आता स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, थोडा तिरका. मधल्या भिंतीवरच्या डब्याखाली संध्याकाळी सातला रूपा बोलत असते, आणि चिमी ओट्यावर माझ्या मिशा ओढत असते. त्या अप्पांइतक्या भरघोस नाहीत, अशी तिची तक्रार आहे.