एका हाताचे बांगडे

लकव्याने माझा उजवा हात लुळा पडला, तेव्हा स्वयंपाकघरातून सगळ्यात आधी गेली ती विळी. मुलाने ती आमच्या भद्रावतीच्या क्वार्टरच्या माळ्यावर ठेवली आणि वरून जुनी चादर टाकली. माझ्या भल्यासाठी. मग माझ्या भल्यासाठीच चाकू गेला, लायटर गेला, आणि मी ओट्याजवळ दिसले रे दिसले की तो म्हणायचा, "आई, तू बस ना. काऊन उठून राह्यली?" मुलगा वाईट नाही. पण जन्मभर शाळेत पोरांना "खाली बस" म्हणणाऱ्या बाईला आता पोरगा बसवत होता, आणि मला त्याचा भयंकर राग येत होता.

बसल्या बसल्या डाव्या हाताने मोबाईल बघायचा आणि उजव्याने रबरी चेंडू दाबायचा, एवढंच काम उरलं. त्या मोबाईलमध्ये मला एक जपानी म्हातारी सापडली. ती काय बोलते त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. पण ती मासा घ्यायची, मीठ लावायची, थोडं थांबायची आणि जाळीवर भाजायची. झालं. आमच्याकडे माशाचा रस्सा म्हणजे कांदा भाजा, खोबरं भाजा, लसूण सोला, वाटण वाटा. दोन हात कमीच पडतात. या बाईला एक हातही पुरला असता. मी ठरवलं, हा मासा मी करणार, याच ओट्यावर, कोणाची मदत न घेता. ओटा परत मिळाला तर यातूनच मिळेल, नाहीतर खुर्ची आहेच.

मासा बाजारातून आणायला सांगितला असता तर मुलाने आणला असता आणि सुनेला करायला लावला असता. म्हणून तो मी धरलेलाच हवा होता. जावई रेल्वेत आहे, आंध्रच्या किनाऱ्यावर त्याची बदली झालेली. बल्लारशाहून गाडीत बसलं की थेट लेकीकडे. मुलगा म्हणाला, "समुद्रात? तुले नीट आंघोळ जमत नाई आई." मी पिशवी भरली.

पिशवीत एक डबा होता, त्यात ओली माती आणि गांडुळं. चामोर्शीजवळच्या माझ्या माहेरी धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाणी द्यायला शेतात बोडी असते, लहानसं तळं. तिच्यावर आम्ही पोरीसोरी गळ टाकायचो, आणि गळाला गांडूळ सोडून दुसरं काही लावतात हे मला ठाऊकच नव्हतं. लेकीने ठरवलेल्या होडीतून आम्ही दोघी समुद्रात गेलो, तेव्हा होडीवाल्याने तो डबा उघडला आणि होडीचा काठ धरून हसत सुटला. तेलुगूत काहीतरी म्हणाला. लेक लाजत म्हणाली, "आई, तो म्हणते, हे धानाले घाला, चांगलं खत होईल."

मी तरी गांडूळच लावलं. इतक्या दुरून आणली होती, फेकून द्यायला नव्हे. गळ पाण्यात गेला, वर आला, पुन्हा गेला. बंगालच्या उपसागराने आमच्या भद्रावतीच्या गांडुळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मधल्या वेळात मी दोनदा ओकले. लेक म्हणाली, "परत जाऊ." मी म्हटलं, "तू जा पोहत." होडीवाल्याने गुपचूप कोळंबीचे तुकडे पुढे सरकवले आणि मी ते गुपचूप घेतले.

मग दोरीला झटका बसला. बोडीतला मासा ओढतो तसा नाही. हा कोणीतरी रागावून हिसकावत होता. लेकीने हात पुढे केला. मी ओरडले, "लावू नको हात!" डाव्या हाताने दोरी ओढायची, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबायची, पुन्हा ओढायची. विळी अशीच तर पायाने दाबून धरतो आपण. हिरव्यानिळ्या पाठीचा बांगडा होडीत येऊन पडला आणि मी रडले, लाज न बाळगता. त्यानंतर आणखी आले. होडीवाला हसायचा थांबला नाही, पण आता माझ्याबरोबर हसत होता.

थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बांगडे घरी आणले. मुलाला सुट्टी होती. मी म्हटलं, "विळी काढ."

"आई, तुझी सून करते ना."

"विळी काढ. नाईतर मी स्टूलवर चढतो."

त्याने काढली. मी जमिनीवर बसले, विळीवर पाय रोवला आणि एकेक बांगडा पात्यावर धरून पोट फाडलं. एका हाताने टाळी वाजत नसेल, बांगडा मात्र साफ होतो. पाठीवर आडव्या चिरा दिल्या, मीठ चोळलं, सुटलेलं पाणी पुसलं. भाताला आमचाच नवा तांदूळ; तो चिकटतो म्हणून एरवी सगळे नाकं मुरडतात, त्या जपानी म्हातारीला तसाच लागतो. किसणी पायाने दाबून मुळा किसला. चायनीजच्या गाडीवर मिळतो तो सोया सॉस वाटीत काढला.

पापड भाजायची जाळी गॅसवर ठेवली. पहिला बांगडा उलटताना हट्टाने चिमटा उजव्या हातात धरला आणि तो सुटला. मासा बर्नरवर, भडका, धूर. मुलगा खुर्चीवरून उडालाच. तेवढ्यात सून, जी या सगळ्यात चकार शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "बसा तुमी. आईनं बोलावलं काय तुमाले?"

तो बसला. मी चिमटा डाव्या हातात घेतला आणि बाकीचे भाजले, सालीला फोड येईपर्यंत.

"तिखट नाई टाकलं?" त्याने विचारलं.

"नाई."

"हळद?"

"खा आधी."

त्याने खाल्ला. मुळा लावून खाल्ला, लिंबू पिळून खाल्ला, काटा चोखला आणि ताट पुढे केलं. मी जळका बांगडा माझ्या ताटात घेतला आणि त्याला चांगला वाढला.

जेवणं झाली. सवयीने तो उठला, स्टूल ओढलं आणि विळीसाठी खाली वाकला. मी तिच्यावर पाय ठेवून बसले होते. तो थोडा वेळ वाकलेलाच राहिला, माझ्याकडे बघत. मी मुळ्याचा उरलेला कीस खात राहिले आणि पाय काही उचलला नाही.