एक जुलैचा सोफा

ओरेल गिमोंने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. म्हणजे माणसं लिफ्टच्या आत आणि हा टपावर, अंधारात, ग्रीसचा डबा घेऊन. एवढ्या वर्षांत त्याचा माणसांशी जो काही संबंध आला तो पत्र्याच्या आडून आला आणि त्याला तो भरपूर वाटला. असा माणूस निवृत्त झाल्यावर टोमॅटो लावेल, फार तर पोपट पाळेल. ओरेलने एक जुना फिल्मचा कॅमेरा घेतला आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढायला लागला.

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहतो. वरच्या न्हाणीघरात तो फिल्म धुतो आणि माझ्या छतावर नकाशे उमटतात. तेव्हा त्याला हसण्याच्या हक्काची किंमत मी भाड्यासकट भरलेली आहे.

त्याचा कॅमेरा कायम तीन मीटरवर लावलेला असतो. त्याहून जवळ जायची छाती नाही आणि लांबून काही दिसत नाही. समोरच्याने मान वळवली की ओरेल घड्याळ बघतो. घड्याळ तो घालत नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं त्याने फक्त पाठी टिपल्या. बसची वाट बघणाऱ्या, बर्फ उपसणाऱ्या, केकचा खोका तान्ह्या बाळासारखा धरून उभ्या असलेल्या पाठी.

"माझ्या नवऱ्याला अख्खं मॉन्ट्रियल ओळखतं," त्याची बायको ह्युगेत म्हणायची, "फक्त मागे वळून बघत नाही."

हसता हसता मी ते फोटो बघायला लागलो आणि मग त्यात अडकलो. रोज ज्या रस्त्याने मी पाव आणायला जातो तो इतका देखणा आहे, हे मला त्या पाठींमुळे कळलं. तसं मी ओरेलला सांगितलं नाही. लगेच त्याची झोप उडाली असती.

गेल्या वर्षी एक जुलैला मात्र त्याला चेहरा मिळाला.

एक जुलैला आमचं अर्धं शहर घर बदलतं. भाड्याचे करार आदल्या दिवशी संपतात आणि सकाळी सात वाजता सगळी बिऱ्हाडं एकदम फुटपाथवर येतात. गाद्या, कुंड्या, मांजरं, सासवा. ओरेलचा हा सण. सगळे घामाघूम, कुणालाच फोटोवाल्याकडे बघायला वेळ नाही.

त्या फोटोत बाहेरच्या गोल जिन्याच्या वळणावर एक फ्रिज अडकलाय. चार जण त्याला धरून भांडतायत. आणि खाली, फुटपाथवर, रस्त्याकडे तोंड करून एक सोफा मांडलाय, दिवाणखान्यात असावा तसा. सोफ्याच्या हातावर टेबललॅम्प, त्याची वायर गटाराकडे लोंबतेय. मधोमध एक बाई अनवाणी बसून पीच खातेय. रस कोपरापर्यंत ओघळलाय, मान मागे टाकलीय, डोळे मिटलेत आणि ती हसतेय. कुणासाठी नाही, कशावर नाही. सोफा हिरवा होता, हे काळ्या-पांढऱ्या फोटोत दिसत नाही. पण फोटो बघितलेल्या प्रत्येकाला तो हिरवाच वाटतो.

जानेवारीत मोहल्ल्याच्या वाचनालयाने ओरेलचे बारा फोटो लावायचं ठरवलं. तिथल्या मादाम पिन्सोनो नियमाच्या पक्क्या. त्यांनी अकरा पाठी एका बाजूला सरकवल्या आणि सोफ्यावर बोट ठेवलं.

"हिचा चेहरा दिसतोय. सही लागेल."

"कुणाची?" ओरेलने विचारलं.

"तुमची नाही, मस्यू गिमों. तिची. पाच जुलैपर्यंत आणा, नाहीतर हा फोटो नाही."

त्या रात्रीपासून ओरेल वर येरझाऱ्या घालायला लागला आणि छतावरून मला त्याची पावलं मोजता येऊ लागली. आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट काढली होती जी लोकांनी पाहावी असं त्याला वाटत होतं. आणि तिच्यासाठी त्याला अनोळखी बाईशी बोलावं लागणार होतं.

"त्या दारावर जाऊन विचार की," ह्युगेत म्हणाली. "दोन चौक पुढे तर आहे."

"ती गेली ना तिथून. सामान बाहेर होतं. आता तिथे नवीन माणसं. त्यांना काय ठाऊक?"

ह्यावर आमच्या तिघांचं एकमत झालं. एक जुलैला सोफा फुटपाथवर दिसला की बिऱ्हाड निघालं, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मग शोधायचं कसं? पत्रक लावून. पत्रकातला मजकूर मी लिहिला. मोहल्ल्याच्या मासिकात माझं विनोदी सदर असतं, त्यामुळे मला लिहिता येतं असा दोघांचा समज होता. ओरेल म्हणाला, नाव घालू नकोस, लोक हसतील. फोटोचं कारणही घालू नकोस, आधीच कळलं तर ती नाहीच म्हणेल, समोर भेटून समजावतो. उरलं एवढंच: बाईचा चेहरा, मोठा करून, आणि खाली 'आम्हाला ही हवी आहे. कुठे राहते ते कळवा.' आणि ओरेलचा फोन नंबर. मला ते खुसखुशीत वाटलं. मी स्वतःवर खूश होऊन त्यात एक शब्दही वाढवला नाही.

फेब्रुवारीत आम्ही साठ पत्रकं लावली. बसथांब्यांवर, किराणा दुकानांत, कोपऱ्यावरच्या पैसे टाकून कपडे धुवायच्या दुकानात. ओरेल प्रत्येक पत्रक चिकटवून चोरासारखा पळायचा.

फोन आला नाही. म्हणजे आले, पण एकाला तिच्या मानेमागे दिसणारा सोफा विकत हवा होता आणि एक म्हातारा रोज फोन करून 'सापडली का' विचारायचा. मार्च गेला. एप्रिल गेला. ओरेलची भूक गेली. फोन वाजला की तो दचकायचा आणि वाजला नाही की जास्त दचकायचा.

"मी हरवले तर एवढा शोधशील का रे?" ह्युगेत म्हणाली.

"तुझा फोटो आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "पाठमोरा."

एक जुलै उजाडला. ओरेल कॅमेरा गळ्यात घालून निघाला, सवयीने. मी बरोबर गेलो, कारण ह्युगेतने मला जिन्यातच पकडलं होतं. दोन चौक पुढे गेलो आणि ओरेल थांबला.

तोच जिना. खाली फुटपाथवर तोच हिरवा सोफा.

बाई आतून खुर्ची घेऊन आली. केस कापलेले होते, पण तीच. मला कळायला एक क्षण लागला. गेल्या वर्षी ती निघाली नव्हती. आली होती. वर्षभर ती आमच्यापासून दोन चौकांवर राहत होती आणि आम्ही तिला नदीपलीकडपर्यंत शोधत होतो.

"ओरेल, चल," मी म्हणालो. "नशीब उघडलं तुझं."

तीन मीटर. दोन मीटर. इतक्या जवळ तो कुणाच्या गेलेला मी पाहिला नव्हता. खिशातून त्याने सहीचा कागद काढला, घडी सोडवताना तो फाटला.

"मादाम, माफ करा," तो म्हणाला, "मी तुम्हाला पाच महिने शोधतोय."

खुर्ची तिच्या हातातून पडली. ती मागे सरकली, जिन्याला टेकली. वरून एक धिप्पाड बाई दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आली. तिची बहीण, हे नंतर कळलं. तिच्या हातात सोफ्याचा सुटा पाय होता.

"कुणी पाठवलं तुम्हाला?" बहिणीने विचारलं. "त्याने? सांगा त्याला, ती इथे नाही."

"कुणी नाही, मादाम. वाचनालय," ओरेल म्हणाला.

"काय?"

"मादाम पिन्सोनो."

"ही कोण आता?"

मी मध्ये पडलो. बोलणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी माझी वाक्यं एकमेकांवर आदळत होती. फोटो, प्रदर्शन, सही, पत्रक. पत्रक म्हटल्यावर बाई पहिल्यांदा बोलली.

"ते तुम्ही लावलं होतं?"

"मजकूर माझा," मी म्हणालो. आयुष्यात लिहिलेल्या ओळींपैकी हीच एक परत घ्यावीशी वाटली.

मग तिने सांगितलं, हळू, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत. ती नवऱ्यापासून पळून इथे आली होती. कपडे धुवायला गेली तेव्हा भिंतीवर स्वतःचा चेहरा दिसला. तेव्हापासून ती बसने तीन मोहल्ले पलीकडे कपडे धुवायला जात होती. केस कापले. दाराला दुसरी कडी लावली. आणि मार्च संपायच्या आत, तीच मुदत असते, घरमालकाला कळवून टाकलं की करार पुढे चालवायचा नाही.

"म्हणजे आमच्यामुळे तुम्ही घर सोडताय," ओरेल म्हणाला.

"चांगलं घर होतं," ती म्हणाली. "सकाळी स्वयंपाकघरात ऊन यायचं."

"मग राहा. मी मालकाला सांगतो. मी आत्ता जातो."

बहिणीने नुसतं रस्त्याकडे बोट केलं. एक ट्रक दाराशी लागायला उलटा मागे मागे येत होता. वर पाळणा बांधलेला, पुढच्या सीटवर नवरा-बायको, मांडीवर बाळ. तेही कुठलं तरी घर रिकामं करून आले होते, आणि त्या घरात तोवर तिसरंच कुणीतरी शिरलं असणार.

ओरेल खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी चाचपत होता. त्याने फोटो काढला, आणि त्याच्यामागून पातळ कागदात गुंडाळलेली निगेटिव्ह. दोन्ही तिच्यापुढे धरली.

"दुसरी प्रत नाही. ह्या निगेटिव्हशिवाय निघतही नाही. मादाम पिन्सोनोंना मी सांगतो, फोटो नाही म्हणून."

तिने बराच वेळ बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ओरेल माझ्या बुटांकडे.

"ही मी आहे?" ती बहिणीला म्हणाली. "तू पीच आणले होतेस. आठवतं?"

"जास्त पिकलेले," बहीण म्हणाली. "परत करायला निघाले होते मी."

"किती हसतेय." तिने निगेटिव्ह उन्हात धरली, मग दोन्ही गोष्टी पर्समध्ये ठेवल्या आणि चेन लावली. सही मागायचं कुणाच्या मनातही आलं नाही. "तुम्ही वाईट माणसं नाही आहात," ती ओरेलला म्हणाली. "पण त्याने काही फरक पडत नाही ना."

"नाही," ओरेल म्हणाला.

त्यानंतर तो कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून कामाला लागला. लिफ्टवाल्याला जड वस्तू वळणावरून कशी उतरवायची ते कळतं. फ्रिज त्याने सहा मिनिटांत खाली आणला. मी कुंड्या वाहिल्या. सोफा शेवटी त्या बहिणींच्या ट्रकमध्ये चढला. त्यांचा ट्रक सुरू झाला तसा ओरेल फुटपाथच्या कडेला बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. रडत नव्हता.

"गेला?" त्याने बोटांमागून विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत."

"आता?"

"वळला."

"कुठे वळला ते मला सांगू नकोस," ओरेल म्हणाला. "ह्युगेतने विचारलं तरी नको."