साहेब, पाच मोजा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत भाजी घेत होते. पिशवी तिथंच राहिली. मातीला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "हुशार होता, पण शिरोलीतच कुजला." त्या दिवशी गप्प बसले... आता महिना झाला, आता बसणार नाही.

शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीतले कॉम्प्युटर अण्णा सांभाळायचे. मी तेव्हा ड्रॉइंग विभागात नवी होते. गिऱ्हाइकासाठी सर्व्हरवरचं अख्खं फोल्डर सीडीवर उतरवलं, तर त्यात चार ड्रॉइंग कमी निघाली. सर्व्हरवर मात्र ती जागच्या जागी होती. दुसऱ्यांदा तेच झालं आणि मालकांनी मला घरी बसायला सांगितलं. "मशिन चुकतंय व्हय कधी?"

"चुकतंय की," अण्णा म्हणाले. "पोरीला घालवायची तर आधी मला घालवा." त्या सर्व्हरच्या प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला होता. चार दिवस अण्णांनी तो वाचून काढला आणि मालकांना थेट पॅटर्नच्या रॅकपाशी नेलं. साच्यासाठी लागणारे ते लाकडी नमुने आम्ही डावीकडून मोजूनच मागायचो. "साहेब, पाच मोजा." मालकांनी मोजले. अण्णांनी त्यातला दुसरा काढला आणि बाकीचे डावीकडं सरकवले. "आता सहावा दावा." मालकांनी बोट ठेवलं. "आन् मघाचा सहावा?" तो पाचव्या जागेवर आला होता, मोजणीतून सुटून. सर्व्हर यादी तुकड्यातुकड्यानं द्यायचा आणि किती नावं दिली एवढंच लक्षात ठेवायचा. मध्येच कुणी जुनी फाइल हलवली की पुढची एक गळायची. माझी नोकरी वाचली.

अण्णा तिथं थांबले नाहीत. किती दिली याऐवजी शेवटी दिलेल्या फाइलचं नाव लक्षात ठेवणारी दुरुस्ती लिहून त्यांनी प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींना पाठवली. उत्तर आलं, हा दोष नव्हे, यादी पुन्हा मागा. अण्णा पेटले. "पुन्यांदा मागून मिळतंय, तर पैल्यांदाच का देत न्हाय?" दुसऱ्या खेपेला त्या मंडळींनी विचारलं, नाव लक्षात ठेवलेली फाइलच पुसली गेली तर? इथं मात्र अण्णा चुकले होते. त्यांनी ते कबूल केलं आणि फोल्डर उघडताच सगळी यादी एकदम धरून ठेवायची असं नव्यानं लिहिलं. तिसऱ्यांदा मंडळींनी दुरुस्ती घेतली. आज तो प्रोग्रॅम जिथं जिथं चालतो तिथं अण्णांचं काम चालतं. कुजला म्हणे!

मालकांनी पाच मोजले त्याच आठवड्यात अण्णांनी प्रत्येक पॅटर्नवर पिवळ्या रंगानं नाव घातलं होतं. परवा नवा सुपरवायझर ती नावं खोडून रॅकच्या फळीवर एक, दोन, तीन घालायला निघाला. "सुटसुटीत हुतंय, मॅडम." मी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"पावणं," म्हटलं, "आधी पाच मोजा."